गवतातली हिरवी रेघ

घोटीजवळच्या एका म्हशींच्या फार्मवर मी सुपरवायझर होते आणि त्या नोकरीतलं सगळ्यांत जोखमीचं काम म्हणजे गवत कधी कापायचं ते ठरवणं, असं सांगितलं की आमच्या कॉलनीतल्या बायका माझ्याकडे जरा दयेनं बघतात. "गवतच ना?" असं एकीनं विचारलंही. गवतच. पण म्हशीला वर्षभर खायला लागतं आणि डोंगरउतारावर गवत उभं राहतं ते पावसाळ्यापुरतं. बाकीच्या महिन्यांची सोय दसरा-दिवाळीच्या मधल्या उघडिपीत करून ठेवावी लागते. ती उघडीप ओळखायची, एवढंच काम.

आमच्या माळावर पवना आणि मारवेल, मधेमधे कुसळी. गवताला फुलोरा आला की कापायचं. त्याआधी कापलं तर त्यात नुसतं पाणी, वाळून हातात काही उरत नाही. थांबत बसलं तर बी झडतं, काडीचं लाकूड होतं आणि कुसळीची टोकं टणक होऊन म्हशींच्या हिरड्यांत घुसतात. नेमक्या याच दिवसांत परतीचा पाऊस रेंगाळत असतो. कापून पडलेल्या गवतावर तो आला तर गवत काळं पडतं, त्याला कुबट वास येतो आणि म्हैस त्याला तोंड लावत नाही. पाऊस जायची वाट बघावी तर भातकापणी सुरू होते आणि विळा धरायला माणूस मिळत नाही.

शिवाय कापलेलं गवत नीट वाळल्याशिवाय गंजी रचायची नाही. नोकरी नवीन होती तेव्हा शेजारच्या मळ्यातली एक गंजी भर दुपारी पेटली. मळेवाल्याचं ज्याच्याशी बांधावरून भांडण होतं त्याचं नाव लगेच सगळ्यांच्या तोंडी आलं. तो माणूस त्या दिवशी सटाण्याला लग्नाला गेलेला होता, तरी लोक म्हणाले, कुणाला तरी पाठवलं असेल. मी तिथे गेले आणि शेजारी रचलेल्या दुसऱ्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला. हात आत ठेववेना. ओलं गवत दाबून रचलं की ते आतल्या आत तापत जातं आणि एखाद्या दिवशी आपोआप पेट घेतं. कुणीही काडी लावलेली नव्हती. तेव्हापासून मला सवय लागली. माणसं सांगतात ते ऐकून घ्यायचं आणि मग स्वतः हात घालून बघायचं.

ही सवय ग्राहकांच्या बाबतीत फार कामाला आली. उरलेलं गवत न्यायला मालेगावकडचा एक व्यापारी यायचा. जे गवत त्याला हवं असेल त्याला तो नावं ठेवायचा आणि जे नको असेल त्याची तोंड भरून स्तुती करायचा. "बाई, यह तो कचरा है," असं तो म्हणाला की मी गवताचा भाव वाढवायचे. शेवटी शेवटी त्याला हे कळलं असावं, कारण तो नुसताच हसत उभा राहायला लागला. मग मला त्याच्या हसण्याचा संशय यायला लागला.

पण सांगायचंय ते एकाच वर्षाचं.

फार्मचे मालक अण्णा. वय झालेलं, गुडघे गेलेले, नाशिकला कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये असायचे. म्हशींची नावं त्यांना पाठ होती, माळ मात्र त्यांनी कित्येक वर्षांत पायी चढला नव्हता. त्यांना मूलबाळ नाही. कागदपत्रं, बँक, डेअरीशी बोलणं हे सगळं त्यांचा पुतण्या प्रशांत बघायचा. माळावर कापणीला दरवर्षी वरच्या पाड्यावरची माणसं यायची. त्यांचा मुकादम सोमा. माझ्याहून थोडा मोठा, बोलायला कमी. गवत कापायला आलं की नाही याबद्दल सोमाचं आणि माझं मत सहसा जुळायचं. नाही जुळलं तर त्याला कापायची घाई असायची आणि मला थांबायचं असायचं, कारण माळ उरकून त्याला भाताकडे पळायचं असे.

त्या वर्षी दसरा झाला, आकाश निवळलं, सकाळी दव पडायला लागलं. मी माळावर गेले, काडी दातात धरून बघितली. गोड होती. फुलोरा पूर्ण निघालेला, खालची पानं नुकती पिवळी पडायला लागलेली. मी सोमाला म्हटलं, "परवा माणसं आण."

सोमा म्हणाला, "थांबा बाई. आजून पानी हाय."

"कुठे आहे? आभाळ बघ की."

"हाय म्हंतो ना. दिवाळी होऊ द्या."

सोमानं थांबा म्हणावं, तेही दिवाळीपर्यंत, हे मला पटेना. दिवाळीला तर पाड्यावरचं एकेक माणूस भाताच्या खाचरात असतं. त्याला दुसरीकडचं काम मिळालं असेल असं मनात आलं. रोज संध्याकाळी पाड्याकडे जाणाऱ्या बायकांच्या डोक्यावर काय आहे ते बघायला लागले. दुसऱ्याचं गवत किंवा भाताच्या पेंढ्या असतील असं वाटलं होतं, पण नुसता लाकूडफाटा होता.

मग प्रशांतचा फोन आला. इतक्या वर्षांत प्रशांतनं मला दुधाची फॅट विचारली होती, गाडीचं डिझेल विचारलं होतं. गवताचं कधीही नाही.

"मॅडम, गवत कधी कापताय?"

"बघतेय. का?"

"नाही, सहज. पाऊस येणारे म्हणतात. थांबा थोडं. उगाच नुकसान नको."

त्यानंतर त्यानं हवामानाचे अंदाज पाठवायला सुरुवात केली. नकाशे, ढगांची चित्रं, कुणीतरी टेबलामागे बसून बोलतोय असे व्हिडिओ. पाठोपाठ प्रश्न, "थांबलात ना?" एकमेकांशी कधी न बोलणारी दोन माणसं मला एकच सल्ला देत होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पाऊस येणार असेल." त्याची सगळी नोकरी पोस्टात झाली, माणसांवर विश्वास ठेवायला त्याला परवडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळासमोरच्या टेकाडावर चढले. तिथून सगळा उतार एका नजरेत येतो. पिकलेलं गवत सकाळच्या उन्हात तांबूस दिसतं, फुलोऱ्याची जांभळट झाक असते त्यावर. त्या तांबूस गवतात वरच्या अंगाला एक हिरवी रेघ होती. सरळ, आडवी, उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

झरा असता तर ओल वरून खाली उतरली असती, आडवी गेली नसती. गुरांची वाट असती तर ती वाकडीतिकडी असती. माळावरचं गवत एका वेळी फुटतं आणि एका वेळी पिकतं. त्यातलं काही मागे राहिलं असेल तर ते पावसात कुणीतरी मोडलेलं किंवा तुडवलेलं असतं आणि नंतर नव्यानं फुटलेलं असतं. म्हणजे ऐन पावसात, माळावर आमचं कुणी जात नाही अशा दिवसांत, तिथून माणसं सरळ रेषेत चालली होती. पुन्हा पुन्हा.

मी टेकाड उतरून माळात शिरले. गवत खांद्याला लागत होतं. रेघेवर पोचले, तिच्या कडेनं चालत राहिले आणि एका ठिकाणी पाय दगडावर आपटला. हद्दीचा दगड. आमचेच दगड ते, अण्णांच्या वडिलांनी घडवून घेतलेले, मला चांगले माहीत होते. फक्त ते वरच्या बांधाला लागून होते, आणि हा बांधापासून बराच खाली आमच्या गवतात उभा होता. बुडाशी माती भुसभुशीत. पुढे गेले तर आणखी एक. मग आणखी एक. वर बांधाशी जाऊन बघितलं तर जुन्या जागी खड्डे बुजवून त्यावर गवताचे ठोंब लावलेले होते. ते जगले नव्हते.

बांधाच्या पलीकडची जमीन त्याच वर्षी एका रिसॉर्टवाल्यानं घेतली होती. त्याला गाडी वर न्यायला रस्ता नव्हता. आमच्या माळाची वरची पट्टी मिळाली की रस्ता होणार होता.

मी तशीच पाड्यावर गेले. सोमा अंगणात विळ्याला धार लावत होता. मी त्याच्या समोर दगडावर बसले.

"दगड कुणी हलवले, सोमा?"

त्यानं हात थांबवले नाहीत. तसाच म्हणाला, "जावयानं. आन त्येच्या संगतीच्या पोरांनी. त्यान्ला काय म्हाईत? मालकाचंच काम हाय म्हनले."

"कुठला मालक?"

"धाकले मालक. सोता उभे व्हते."

धाकले मालक म्हणजे प्रशांत.

"आणि तू मला पाऊस आहे म्हणून सांगितलंस."

"दिवाळीपोतूर कुंपनाची तार लागनार व्हती तिथं. तार लागली का मंग कापा म्हने. आदी कापलं तर दगड उघडे पडतील. आन बाई, दगड उघडे पडले का नाव कोनाचं निघंल? धाकल्या मालकाचं निघंल? आमच्या पाड्याचंच निघंल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

अण्णांना फोन करून सांगावं, तर ते आधी प्रशांतलाच हाक मारणार, आणि प्रशांत म्हणणार, मॅडमचा काहीतरी गैरसमज झालाय. मोबाइलवर फोटो काढले होते. त्यांत एक दगड होता आणि चारी बाजूंना गवत. दगडाच्या फोटोवरून दगड कुठे आहे ते कळत नाही. अण्णांना माळावर आणावं तर खांद्याएवढ्या गवतात ते गुडघे घेऊन चालणार कसे? एकच उपाय होता. गवत कापलं की रस्त्यावरून, गाडीत बसून, सगळं दिसलं असतं.

आता पावसाचं. पावसाची चिन्हं मी बघितली नव्हती असं नाही. दुपारनंतर पश्चिमेच्या डोंगरांमागे ढग जमायला लागले होते आणि वारा पडला होता. प्रशांतचे नकाशे मी खोटे धरले होते, पण वारा पडला की काय होतं ते मला कुणी सांगायला नको. आणखी थांबले असते तर कदाचित चांगली उघडीप मिळाली असती. तोवर तार लागली असती. मी सोमाला म्हटलं, "उद्या माणसं आण. वरच्या अंगानं सुरुवात कर. कुणी खणलं ते मला माहीत नाही, आणि कुणी विचारलं तरी माहीत नसणारे."

तो म्हणाला, "पानी खरंच येनार हाय, बाई."

"माहीत आहे."

रात्रभर मला वाटत होतं, सोमा येणार नाही. तो आला. सगळा पाडा घेऊन आला, जावईसुद्धा. दव वाळायची वाट बघून त्यांनी वरच्या बांधापासून कापायला सुरुवात केली. कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी तंबाखूला बसलं नाही. दुपार कलेपर्यंत वरचा उतार मोकळा झाला आणि त्यावर दगडांची रांग उभी राहिली, नव्या लागवडीसारखी.

मी अण्णांना फोन केला. "यंदाचं गवत बघून जा, फार छान आलंय." त्यांना आश्चर्य वाटलं असणार, पण ते आले. गाडी अर्थातच प्रशांत चालवत होता.

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. अण्णांनी काच खाली केली आणि वर बघितलं. डोळ्यांवर आडवा हात धरून पुन्हा बघितलं. मी खिडकीशी उभी होते. प्रशांतचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"प्रशांत, दगड इतके खाली कधी आले?"

"मोजणीत तसं निघालं, अण्णा."

"मोजणी कधी झाली?"

प्रशांतनं समोरची काच पुसायला घेतली.

"मोजणीला सही माझी लागते," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "घरी जाऊन बोलू." मग माझ्याकडे वळले. "लताबाई, पाऊस येईल असं हा म्हणत होता."

"हो, मलाही म्हणाले."

"तरी कापलंत."

"हो."

त्यांनी मान हलवली आणि काच वर केली. गाडी वळून गेली.

पाऊस संध्याकाळी आला. साधी सर नव्हे, चांगला मुक्कामाला आल्यासारखा पाऊस. आम्ही धावपळ करून हाताला लागेल ते गवत ताडपत्रीखाली घेतलं, पण ओल धरलेलं ते. हात घालून बघितलं तर आत ऊब लागत होती, म्हणून पुन्हा उपसून गोठ्याच्या पडवीत पसरलं. तिथेही त्याला बुरशी आली. वरच्या उताराचं सगळं गवत गेलं. पाऊस उघडल्यावर खालचा उतार कापला, तोवर कुसळं टणक झाली होती. त्या वर्षी आम्ही म्हशींना विकतचा भाताचा पेंढा घातला. म्हशी खायच्या, पण मान वळवून माझ्याकडे बघायच्या. दूध घटलं.

दगड जुन्या जागी गेले. रिसॉर्टवाल्याचा माणूस पेढे घेऊन आला, गैरसमज झाला म्हणाला. पेढे मी गड्यांना वाटले, स्वतः एकही खाल्ला नाही. अण्णांनी घरात प्रशांतला काय विचारलं आणि त्यानं काय उत्तर दिलं ते मला कधीच कळलं नाही. एवढं दिसलं की त्यानंतर वर्षभर चेकबुक अण्णांच्या उशाशी असायचं. खणलं कुणी, असं अण्णांनी मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

प्रशांत मात्र पेंढ्याचा ट्रक उतरत होता तेव्हा मला म्हणाला, "मी सांगितलं होतं ना मॅडम, पाऊस येणारे म्हणून." आणि त्यानं सांगितलं होतं. हे मला आजही खुपतं. तो सांगत होता ते खरं होतं, सांगण्यामागचं कारण तेवढं खोटं होतं.

अण्णा गेल्यावर फार्म प्रशांतचा झाला. मी राजीनामा लिहून पर्समध्ये घालून गेले होते, पण त्यानं मला काढलं नाही आणि मीही तो कागद बाहेर काढला नाही. आमचं बोलणं बेताचंच असायचं. तो फार्म नीट चालवत होता, म्हशी वाढवल्या, गोठ्याला पंखे लावले. मी प्रत्येक गोष्टीत कारण शोधत राहिले. पंखे का लावले असतील? कुणाला दाखवायला? सोमाशीही पूर्वीसारखं राहिलं नाही. तो "थांबा" म्हणाला की मी माळावर जाऊन यायचे आणि "कापा" म्हणाला तरी जाऊन यायचे. त्याला ते दिसत होतं.

माझं शेवटचं वर्ष. फुलोरा झाला होता, आभाळ स्वच्छ, वारा कोरडा. इतकी चांगली उघडीप कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. त्या सकाळी प्रशांत स्वतः माळावर आला. मी काय बघते ते त्यानं विचारलं. मी दाखवलं. त्यानं काडी चावून बघितली, फुलोरा तळहातावर चुरगाळून बघितला, सगळं मन लावून.

"मग कापायचं?" मी विचारलं.

"तयार तर आहे," तो म्हणाला. "पण दोन-तीन दिवस थांबू."

"का?"

"थांबू या, मॅडम."

एवढंच बोलून तो उतरून गेला. अशा उघडिपीत थांबायचं? मी त्या दिवशी वरचा बांध पायाखाली घातला, दुसऱ्या दिवशी खालचा ओढा. गोठ्यामागच्या खोलीतल्या कागदपत्रांच्या पिशव्यासुद्धा बघितल्या. काही सापडलं नाही. घरी जाताना बसमध्ये बसून मी जुने-नवे सगळे शेजारी मनात आठवून बघितले, कोण जमीन विकतोय, कोण घेतोय.

मग एका सकाळी गेले तर कापणी चालू होती. सोमा होता, पण पाड्यावरच्या बायका निम्म्यासुद्धा नव्हत्या. मी विचारलं तेव्हा एक बाई म्हणाली, "सोमादादाची पोर घोटीच्या दवाखान्यात व्हती ना. लय अवघड झालं व्हतं. सगळ्या तिकडंच व्हत्या." पोर म्हणजे त्याच जावयाची बायको. सोमानं प्रशांतला सांगितलं होतं, आणि प्रशांत थांबला होता. गाडीही त्यानंच दिली होती.

मी सोमाजवळ गेले. तो वाकून कापत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं असतं, कोनता दवाखाना, कोनता वारड."

"मग? येऊन बघितलं असतं तिला."

"त्येच," सोमा म्हणाला आणि पुढची मूठ धरली.

मी तिथेच उभी राहिले. गवत उत्तम होतं. वाळल्यावरही त्याचा रंग टिकला असता. थोड्या वेळानं मी विचारलं, "काय झालं? मुलगा का मुलगी?"

"पोरगी. दोघी बऱ्या हायेत."

"नाव काय ठेवणार?"

सोमानं विळा थांबवला, पाठ सरळ केली आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

"का वो, बाई?" तो म्हणाला.